अळंबी : रानातले अन्न आणि बाजारातले औषध

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मृगाच्या सरी पडून तापलेली जमीन निवली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या रानांत रानभाज्यांचा हंगाम सुरू होतो. सर्वांत आधी शेवळे वर येतात. त्यांच्यामागून टाकळा, कुर्डू, लोत, भारंगी, कंटोळी अशी रांगच लागते. या रांगेत एक वस्तू अशी आहे, की तिला भाजी म्हणावे तर पान नाही, फूल नाही, बी नाही, हिरवा रंगही नाही. रात्रीतून येते आणि दोन दिवसांत नाहीशी होते. ती म्हणजे अळंबी. आषाढात कसाऱ्याहून कल्याणकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत, किंवा माळशेज घाटाच्या रस्त्याकडेला, सागाच्या पानात बांधलेले अळंबीचे वाटे घेऊन बसलेल्या आमच्या भागातील बायका अनेकांनी पाहिल्या असतील.

अलीकडे हीच अळंबी दुसऱ्या वाटेने आपल्या गावांत येऊ लागली आहे. ती डब्यांतून व पुड्यांतून येते. कोणी ती कॉफीत घालून पितो, कोणी चहात, कोणी दुधात. तिचे नाव ‘औषधी मशरूम’. ती मधुमेहावर चालते, रक्तदाबावर चालते, कर्करोगावरही चालते असे विकणारे सांगतात. रानातली अळंबी निवडणारी बाई तिला कधी औषध म्हणत नाही, आणि डबा विकणारा तिला कधी अन्न म्हणत नाही. यांतले खरे काय, आणि रोजच्या खाण्यापिण्यात अळंबीला कोणती जागा द्यावी, याचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे. आमच्या पाड्यातील आणि मामाच्या गावच्या, म्हणजे मुरबाडकडील, जाणत्या बायकांनी सांगितलेली माहिती आणि ग्रंथालयात वाचावयास मिळालेली माहिती अशा दोहोंचा मी आधार घेतला आहे.

अळंबी म्हणजे काय?

शाळेत आपण अळंबीला वनस्पती म्हणत आलो; परंतु शास्त्रज्ञ आता तसे मानीत नाहीत. १९६९ मध्ये व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली आणि कवकांना वनस्पतींपासून वेगळे काढून त्यांची स्वतंत्र सृष्टी मानली. त्याचे कारण उघड आहे. कवकात हरितद्रव्य नसते. त्यामुळे झाडाप्रमाणे सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न त्याला तयार करता येत नाही. कुजणारी पाने, लाकूड, शेण अशा दुसऱ्याच्या शरीरावर त्याला जगावे लागते. त्याच्या पेशींच्या भिंतींत कायटिन असते. खेकड्याच्या व कीटकांच्या कवचात असते तेच हे द्रव्य.

आपण जिला अळंबी म्हणतो, ते त्या कवकाचे फळ होय. खरे कवक जमिनीत किंवा लाकडात पांढऱ्या तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने वर्षभर पसरलेले असते. पाऊस, ओलावा आणि उबारा जमला, की ते आपली छत्री वर धाडते. छत्रीच्या खालच्या बाजूस असलेल्या पातळ पडद्यांतून धुळीसारखे बीजाणू गळतात आणि वाऱ्याबरोबर जातात. आंब्याचे झाड न पाहता केवळ आंबा पाहावा, तसे आपले अळंबीच्या बाबतीत होते.

वाळवीची शेती

आमच्याकडे ‘अळंबी’ या नावाने जी ओळखतात ती वारुळावरची. बाकी बहुतेक सर्व छत्र्यांना ‘कुत्र्याची छत्री’ या एकाच नावात टाकून लोक मोकळे होतात. वारुळावरच्या अळंबीला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. हे नाव १९४२ मध्ये रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. तिच्या जन्माची हकीकत मोठी नवलाची आहे.

काही जातींच्या वाळव्या वारुळाच्या पोटात चक्क शेती करतात. बाहेरून आणलेला पालापाचोळा व लाकूड खाऊन त्या आपल्या विष्ठेपासून मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र गाद्या रचतात. त्या गाद्यांवर हे कवक वाढते. लाकडातील जे कठीण भाग वाळवीला पचत नाहीत ते कवक फोडून देते आणि वाळवी ते तयार अन्न खाते. मोबदल्यात कवकाला ऊब, ओलावा आणि निवारा मिळतो. माणसाने नांगर धरण्याच्या कितीतरी लक्ष वर्षे आधीपासून ही शेती चालू आहे. पावसाळ्यात या गादीवरून एक लांब मुळासारखा देठ माती फोडून वर येतो आणि त्याच्या टोकाला अळंबीची छत्री उमलते. म्हणून जाणत्या बायका अळंबी नुसती उपटत नाहीत. काठीने माती बाजूला करून देठ खाली वारुळात गेला आहे की नाही ते पाहतात. मगच ती टोपलीत पडते.

वाळवीशिवाय ही अळंबी वाढत नाही, म्हणून तिची व्यापारी लागवड आजवर साधलेली नाही. जी काही आहे ती रानातच. यातून आमच्याकडील एका जुन्या रीतीचा अर्थ उलगडतो. वारुळावर अळंबी कितीही फुटली, तरी सगळी खुडायची नाही, पूर्ण उमललेली चार-सहा तशीच ठेवायची, आणि वारुळाला कुदळ लावायची नाही, अशी शिकवण माझ्या आजीने आम्हा मुलींना दिली. आजी कधी शाळेत गेली नाही. पण या प्रकारच्या बहुतेक वाळव्या नवे वारूळ वसविताना कवकाचे बीजाणू बाहेरूनच गोळा करतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. उमललेली अळंबी रानात राहिली नाही, तर नव्या वारुळाला बियाणे कोठून मिळणार? गोव्यात याच जातीच्या अळंबीला ‘अळमी’ म्हणतात. तिला तेथे फार मोठी मागणी असून बेसुमार तोडणीमुळे ती कमी होत चालल्याबद्दल तेथील अभ्यासकांनी अनेकदा इशारे दिले आहेत. आपल्याकडेही फार्महाऊसचे प्लॉट, खडी फोडण्याची यंत्रे आणि रुंद रस्ते यांच्याखाली माळावरची वारुळे जात आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

जुने ग्रंथ काय म्हणतात?

अळंबीचा उल्लेख आपल्या प्राचीन ग्रंथांत आढळतो. सुश्रुताने ती कशावर उगवते त्यावरून तिचे प्रकार पाडले आहेत : पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची आणि जमिनीवरची. चरकाने सर्पच्छत्रक नावाची एक जात वगळण्यास सांगून बाकीच्या छत्रजातींना गोड, थंड, पचावयास जड आणि पडसे आणणाऱ्या म्हटले आहे. याचा अर्थ, त्यांनी अळंबीचे गोडवे गायिलेले नाहीत. एक जपून खावयाचे अन्न म्हणूनच तिच्याकडे पाहिले आहे. आमच्याकडे अळंबीच्या भाजीत लसूण, हळद व लाल तिखट सढळ हाताने घालतात, ते ‘थंड’ आणि ‘जड’ या गुणांवरचा उताराच म्हणावा लागेल.

मनुस्मृतीत मात्र कांदा व लसूण यांच्या जोडीने कवकही द्विजांना निषिद्ध ठरविले आहे. परिणामी अळंबी ही रानात राहणाऱ्यांची आणि गरिबांची वस्तू ठरली. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि आम्ही कुणबी यांच्या चुलीवर ती शिजत राहिली. गावातील पांढरपेशा घरांत तिचे नाव काढले तरी नाक मुरडीत. ज्या वस्तूबद्दल आमच्या मागच्या पिढ्यांना ‘कुत्र्याच्या छत्र्या खाणारे’ म्हणून हिणविले गेले, तीच वस्तू आज मोठ्या शहरात चकचकीत डब्यात बसून हजार रुपयांना विकली जाते, हा काळाचा महिमा होय.

ताटातली अळंबी

आता अळंबीत आहे तरी काय ते पाहू. ताज्या अळंबीत शंभरात सुमारे नव्वद भाग पाणीच असते. शंभर ग्रॅम ताज्या अळंबीतून दोन-तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. सुकविल्यावर पाणी जाते आणि हेच प्रमाण शंभरात वीस ते तीसच्या घरात दिसते. पुष्कळदा जाहिरातींत हा सुक्या अळंबीचा आकडा देऊन ‘डाळीपेक्षा जास्त प्रथिने’ असे सांगतात. पण खाणारा ओली अळंबी खातो. तेव्हा अळंबीमुळे डाळ सोडून चालणार नाही. मात्र अळंबीत ब वर्गातील काही जीवनसत्त्वे व पोटॅशियम चांगले असते, स्निग्धांश अगदी थोडा असतो आणि चोथा भरपूर असतो. आषाढ-श्रावणात कणगी तळाला लागलेली असते, नवे भात हाती यायला दिवाळीची वाट पाहावी लागते. त्या दिवसांत नाचणीच्या भाकरीबरोबर अळंबीचे कालवण मिळणे, याचे मोल ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच कळेल.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. अळंबीत अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. त्यावर उन्हातील अतिनील किरण पडले, की त्याचे ड जीवनसत्त्व बनते. म्हणून पावसाने उघडीप दिली, तर चिरलेली अळंबी शिजविण्यापूर्वी तासभर सुपात उन्हाला ठेवावी. हे कोणालाही करता येण्यासारखे आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

आमच्या घरी अळंबी करण्याची रीत अशी : देठाची माती सुरीने खरवडून काढावी. मिठाच्या पाण्यात घोळवून दोन-तीन पाण्यांत धुवावी, म्हणजे पडद्यांत लपलेले किडे निघून जातात. हाताने उभ्या चिरफाळ्या कराव्या. तव्यात थोड्या तेलावर ठेचलेला लसूण व कांदा परतून त्यावर हळद, तिखट, मीठ आणि अळंबी घालावी. पाणी घालू नये, कारण अळंबीला स्वतःचेच पाणी सुटते. ते सगळे आटेपर्यंत, म्हणजे किमान पंधरा-वीस मिनिटे, शिजू द्यावे. उतरताना भाजलेले सुके खोबरे वाटून लावावे. कायटिनमुळे कच्ची अळंबी पचत नाही, पोट दुखते. चांगली शिजविली की ती जड असली तरी बाधत नाही.

प्यावयाचे म्हटले तर आमच्याकडे अळंबीचा चहा-कॉफीशी कधी संबंध आला नाही. परंतु तांदळाच्या कण्यांची पेज शिजताना तिच्यात मूठभर बारीक चिरलेली अळंबी, लसणाच्या दोन पाकळ्या आणि मीठ घालून ती आजाऱ्याला वा बाळंतीण उठल्यावर तिला देतात. ही पेज म्हणजे औषध आहे असे कोणी म्हणत नाही. तोंडाला चव येते आणि पोटात चार घास जातात, एवढाच तिचा दावा. मला वाटते, तो दावा प्रामाणिक आहे.

फणसोंबा : खरोखरचे घरगुती औषध

अळंबीचा औषधासाठी उपयोग आपल्याकडे मुळीच नव्हता असे मात्र नाही. फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखा कठीण, तपकिरी रंगाचा, खुराच्या आकाराचा एक कंगोरा वाढतो. त्याला फणसोंबा म्हणतात. तो फेलिनस या वर्गातील कवकांचा असतो. तो दिसला म्हणजे झाडाचे आतले लाकूड कुजू लागले असे समजावे. हा खाता येत नाही. सहाणेवर पाण्यात उगाळून त्याचे गंध तोंड आल्यास व फार लाळ गळत असल्यास हिरड्यांना लावतात. अतिसारावर आणि रक्त थांबविण्यासाठीही वैदू तो वापरीत आले आहेत. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील जे. जी. वैद्य यांनी रब्बा यांच्यासमवेत १९९३ मध्ये ‘मायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लोकवैद्यकातील कवकांविषयी जो लेख लिहिला, त्यात आपल्याकडील या वापराची नोंद झालेली आहे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. फणसोंबा उगाळतात तो चिमूटभर, लावतात तो दुखऱ्या जागी, आणि दुखणे संपले की सहाण धुऊन ठेवतात. तो कोणी रोज चहात घालीत नाही. अन्न ते अन्न आणि औषध ते औषध, हा विवेक आमच्या निरक्षर माणसांनी पाळला होता.

चहा-कॉफीतील भुकटी

बाजारात ज्या औषधी मशरूमचा गवगवा आहे त्यांत गॅनोडर्मा हे नाव मुख्य. चीनमध्ये त्याला लिंगझी व जपानात रेशी म्हणतात. चीनमध्ये दोन हजार वर्षांपासून त्याचा औषधांत वापर होत आला आहे. हे कवक कडू व लाकडासारखे असल्याने त्याचा काढा करतात. दुसरे नाव कॉर्डिसेप्स. उत्तराखंडच्या उंच कुरणांत जमिनीतील एका अळीच्या देहावर उगवणारी ‘कीडाजडी’ ती हीच. ती इतकी महाग असते, की स्वस्त पुड्यांत बहुधा प्रयोगशाळेत वाढविलेली दुसरीच जात असते.

या कवकांत काहीच गुण नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. जपानमध्ये एका लाकूड-अळंबीपासून काढलेल्या क्रेस्टिन या द्रव्याला कर्करोगाच्या मुख्य उपचाराबरोबर देण्यासाठी १९७७ मध्ये मान्यता मिळाली होती. पेनिसिलीन तर बुरशीचीच देणगी. १९२८ मध्ये फ्लेमिंगने ते शोधले आणि १९५४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पिंपरीस, ते बनविण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पण पेनिसिलीन हवे म्हणून कोणी बुरशी लागलेली भाकरी खात नाही. बुरशीतील नेमके द्रव्य वेगळे काढले, शुद्ध केले, माणसांवर त्याची परीक्षा केली, मात्रा ठरविली, तेव्हा ते औषध झाले. भुकटीचा डबा या पायऱ्या न चढताच औषधाच्या पाटावर बसू पाहतो, हा खरा आक्षेप आहे.

गॅनोडर्माविषयी परीक्षा झालेल्या नाहीत असे नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून निःपक्षपणे तपासते. २०१५ मध्ये तिने गॅनोडर्माच्या पाच चाचण्या तपासल्या. मधुमेहाच्या रुग्णांच्या रक्तातील साखरेवर वा कोलेस्टेरॉलवर त्याचा उपयोग होतो, असे त्यांतून दिसले नाही. कर्करोगावरील मुख्य उपचार म्हणून ते वापरावे याला पुरेसा पुरावा नाही, असा तिचा २०१६ मधील निष्कर्ष आहे. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असे तज्ज्ञ बजावतात.

ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. माझ्या काकांना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्याच एका माणसाने त्यांना मशरूमच्या कॉफीचा डबा दिला. एका डब्याला काकांची तीन दिवसांची मजुरी गेली. “गोळ्यांनी किडनी जाते, हे नैसर्गिक आहे,” असे त्याने सांगितले. काकांनी सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी लावणीच्या दिवसांत पायाला लागलेला काटा चिघळला, जखम भरेना. तपासले तेव्हा साखर फार चढलेली होती. अकरा दिवस ते दवाखान्यात होते आणि त्या साली आमची लावणी पाहुण्यांनी उरकून दिली. पाय वाचला, पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. डबा विकणारा वाईट माणूस होता असेही मला म्हणवत नाही, कारण त्याने स्वतःच्या आईलाही तोच डबा दिला होता. त्याला कोणीतरी शहरातल्या सभागृहात नेऊन पडद्यावर चित्रे दाखविली होती आणि त्याने ती खरी मानली होती.

कायद्याने अशा दाव्यांना मनाई आहे. औषधे व जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ पासून अस्तित्वात असून मधुमेह व कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती त्याखाली बसतात. २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या वेष्टनावर ती औषधी वापरासाठी नाही असे छापावे लागते. पण ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते. आमच्या काकांना मराठीही नीट वाचता येत नाही. घरात जो कोणी पहिल्यांदा शिकला, त्याने डब्यावरची ही बारीक ओळ घरच्यांना मोठ्याने वाचून दाखविली पाहिजे. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग घराला व्हावा.

विषाची परीक्षा

अळंबीबद्दल लिहावयाचे आणि विषाबद्दल गप्प बसावयाचे, हे बेजबाबदारपणाचे होईल. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली विषारी अळंबी खाऊन तेरा माणसे दगावली. त्यांत चहामळ्यातील मजुरांची कुटुंबे होती. रोज रान तुडविणाऱ्या माणसांचीही फसगत होते, हे यावरून दिसते.

चांदीचे नाणे वा लसूण टाकून शिजवावे, ते काळे पडले तर विषारी. किड्यांनी खाल्ली असेल ती चांगली. शिजविली की विष मरते. असे पुष्कळ समज प्रचलित आहेत. ते सर्व खोटे आहेत. अमानिटा वर्गातील अत्यंत घातक अळंबीचे विष शिजवून वा सुकवून जात नाही. तिची चवही वाईट नसते. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक काळ, काहीच होत नाही. मग उलट्या व जुलाब सुरू होतात, मध्येच बरे वाटते आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. दुसरी एक अळंबी पावसाळ्यात गवताळ माळावर व शेणखताच्या जागी येते. ती पांढरी, मोठी, दिसायला खाण्याच्या अळंबीसारखीच. मात्र तिचे पडदे वयाबरोबर हिरवट होतात. तिने एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या होतात. छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवली, तर तिचे बीजाणू हिरवट पडतात, वारुळावरच्या अळंबीचे फिकट गुलाबी. हा प्रयोग कोणीही विद्यार्थी करू शकेल. मात्र तो शिकण्यासाठी करावा, खावे की नाही हे ठरविण्यासाठी नव्हे.

माझ्या आजीचे नियम याहून कडक आहेत. वारुळाबाहेरची अळंबी घ्यायची नाही. दोन जातींची एकत्र शिजवायची नाही. शंका आली की सगळी टोपली टाकायची, एक-एक निवडत बसायचे नाही. पहिल्यांदा खाणाऱ्याला थोडीच वाढायची. लहान मुलाला व पोटुशीला द्यायची नाही. ज्या दिवशी ताडी-दारू, त्या दिवशी अळंबी नाही. आणि काढली त्याच दिवशी खायची. यांतील दारूचा नियम मला आधी देवाधर्माचा वाटे. परंतु काही अळंब्या एरवी निर्धोक असूनही दारूबरोबर खाल्ल्यास छाती धडधडणे, तोंड लाल होणे, उलट्या असा त्रास होतो, हे शास्त्रानेही सिद्ध केले आहे.

त्रास झालाच तर भगताकडे वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि उरलेली भाजी वा न शिजविलेली अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्यावी. उलट्या थांबल्या म्हणून दवाखाना टाळू नये. ज्यांनी ज्यांनी खाल्ली, त्या सर्वांना न्यावे.

पेंढ्यावरची धिंगरी

रानात जाता येत नाही, ओळख नाही, पण अळंबी रोजच्या आहारात हवी, अशांसाठी धिंगरी हा उत्तम मार्ग आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत भात हेच मुख्य पीक आणि पेंढा घरोघर असतो. सुश्रुताने सांगितलेल्या पेंढ्यावरच्या अळंबीची आठवण येथे होते.

पेंढ्याचे बोटभर लांबीचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवावेत. मग ते कढत पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करावेत, निथळून गार करावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर व धिंगरीच्या बियाण्याचा एक थर असे भरून तोंड बांधावे आणि पिशवीला बारीक भोके पाडावीत. अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत दोन-तीन आठवड्यांत पिशवी आतून पांढरी होते. मग प्लॅस्टिक काढून गठ्ठ्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारावे व हवा खेळती ठेवावी. आठवडाभरात शिंपल्याच्या आकाराच्या अळंब्या झुपक्याने निघतात. एक किलो कोरड्या पेंढ्यापासून साधारणतः अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी मिळते. पावसाळा व हिवाळा तिला मानवतो. आपल्या वैशाखाचा उकाडा सोसत नाही. खोलीत बीजाणू फार झाल्यास खोकला येतो, म्हणून काढणी करताना तोंडाला फडके बांधावे. वापरलेला पेंढा शेवटी खत होतो.

अळंबीवरील संशोधनासाठी १९८३ मध्ये हिमाचल प्रदेशातील सोलन येथे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळंबी संशोधनाचे काम चालते. बियाणे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे, कारण खराब बियाण्याने हिरवी-काळी बुरशी धरून सगळा पेंढा वाया जातो. आमच्या पाड्यातील एका बचत गटाने दोन हंगाम धिंगरी केली. निम्मी विकली, निम्मी घरी खाल्ली. त्या बायकांना मी विचारले, “ही औषधी आहे का हो मावशी?” त्यांपैकी एक म्हणाल्या, “औषधाचं नाय माहीत बाय, पण पोरं ताटात काय ठेवत नाय.”

समारोप

सारांश, अळंबी हे चांगले अन्न आहे. ओळखून घ्यावी, चांगली शिजवावी, बेताने खावी, भाकरी-डाळीच्या जोडीला खावी. तिच्या भुकटीने रोग बरे होतील या आशेवर गोळ्या सोडू नयेत आणि मजुरीचा पैसा घालवू नये. ज्यांना तिच्यातील औषधी द्रव्यांचा शोध घ्यावयाचा आहे त्यांनी तो प्रयोगशाळेत घ्यावा. त्यातून निघेल ते औषध आपण डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घेऊ.

परंतु माझ्या मते याहून निकडीचे काम दुसरेच आहे. कोणत्या रानात, कोणत्या नक्षत्राला, कोणत्या वारुळावर कोणती अळंबी येते आणि कोणती टाळावी, हे ज्ञान आज आमच्या भागात साठीच्या पुढच्या काही बायकांपाशी उरले आहे. ते कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांच्या सुना आसनगावच्या कारखान्यांत कामाला जातात, नाती कॉलेजात येतात. दोघींनाही रानात जायला वेळ नाही. अर्धवट ओळखीने अळंबी खुडणारी पिढी तयार झाली, तर आसामात घडले ते आपल्याकडेही घडेल. आणि कोणीच खुडली नाही, तर डब्यातल्या भुकटीलाच लोक अळंबी समजू लागतील.

आपल्या महाविद्यालयात शहापूर व मुरबाडच्या कितीतरी वाड्या-पाड्यांतून मुले-मुली येतात. प्रत्येकाच्या घरी नाहीतर शेजारी अशी एक आजी असेल. येत्या पावसाळ्यात प्रत्येकाने तिच्याबरोबर एकदा रानात जावे, ती काय घेते व काय सोडते ते विचारावे, आणि तारीख, जागा व जमिनीचा प्रकार यांसह वहीत उतरवून काढावे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून ते तपासून घ्यावे. ज्या वारुळांवर अळंबी येते ती वारुळे राखली जावीत म्हणून ग्रामसभेत शब्द टाकावा. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी हे ज्ञान आपल्यापर्यंत तोंडी आणून पोहोचविले. आपल्याला लिहिता येते. ते आपल्या हातून हरवता कामा नये.